केयाकीवरची बांडगुळं

३ डिसेंबर

जोबिताकी आला! सकाळी साडेसातला माझ्या छोट्या ट्रकच्या आरशावर बसून आरशातल्या स्वतःशीच भांडत होता. पोट नारिंगी, डोकं चंदेरी, पंखावर पांढरा ठिपका, आणि अंगात मस्ती अशी की विचारू नका. समुद्र ओलांडून इतक्या लांबून आल्यावर बाबानं पहिलं काम काय केलं, तर भांडण. मला हा पक्षी त्यासाठीच आवडतो. दोन्ही आरशांवर जुने मोजे चढवले, नाहीतर चोच फोडून घेईल.

ही वही पक्ष्यांसाठी घेतली आहे. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यासाठी रोज चाला. नुसतं चालणं मला जमत नाही, चालायला काहीतरी कारण लागतं. म्हणून दुर्बीण. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात वाफेत काढली, आता थोडी थंड हवा माझ्या वाट्याची.

फिरती फाईल आली. दार वाजलं तेव्हा गॅसवर मुळा शिजत होता. कचऱ्याच्या तारखा, बर्फ काढायच्या पाळ्या, देवळाची झाडलोट, नेहमीचंच सगळं. दारातच शिक्का मारला आणि पुढच्या घरी, शेजारच्या नोबुकोकडे, पोचती केली. आमच्या तोचिहारा वाडीत एकोणीस घरं आहेत, फाईल कुठंही अडकली की अख्खी वाडी खोळंबते.

मुळा किंचित लागला.

९ डिसेंबर

मी मूर्ख आहे. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढं लिहायला मोकळी.

बसथांब्याजवळचं मोठं केयाकीचं झाड कापणार आहेत. आणि त्याला मी संमती दिली आहे. त्या फाईलच्या तिसऱ्या पानावर, देवळाच्या झाडलोटीच्या खाली, चौथा मुद्दा तोच होता. आज नोबुको सहज बोलून गेली, "बरं झालं बाई, झाड जाणार, माझ्या वाळत घातलेल्या चादरी तरी स्वच्छ राहतील," तेव्हा मला कळलं.

"तू वाचलं होतंस?" मी विचारलं.

"छे गं. मला गॅरेजवाल्या इवाशितानं सांगितलं. वाचून कोण शिक्का मारतं?"

तशीच ओगिसोकडे गेले. यंदा वाडीचा प्रमुख तो आहे. चव्वेचाळीस वर्षं या खोऱ्यात बस चालवली, आता घरात एकटा बसून वाळवलेले रताळ्याचे काप खात असतो. माझ्या नवऱ्याचा, तामोत्सुचा, बुद्धिबळातला जोडीदार. दोघंही सारखेच वाईट खेळायचे.

त्यानं फाईल काढून माझ्यासमोर धरली. "हा बघा वहिनी, तुमचा शिक्का. बाकीच्यांचे पुसट आहेत, तुमचाच काय तो नीट उमटलाय."

"मी वाचलं नव्हतं."

"कोणीच वाचत नाही. लिहिताना मीसुद्धा अर्धवटच वाचलं."

"मग माझा शिक्का खोडा."

"शिक्का कसा खोडणार?" असं म्हणून त्यानं माझ्यापुढं रताळं सरकवलं. मी खाल्लं नाही. निदान एकच खाल्लं.

११ डिसेंबर

झोप नाही. कशासाठी एवढा जीव टाकतेय हे एकदा कागदावर मांडते.

त्या केयाकीवर बांडगुळाचे चौदा गोळे आहेत. हिवाळ्यात झाडाची पानं झडली की ते हिरवे गोळे लांबूनही दिसतात. त्यांना पिवळी, चिकट फळं धरतात आणि ती खायला रेन्जाकु येतात. डोक्यावर तुरा, डोळ्यांवर काळी पट्टी, शेपटीचं टोक रंगात बुडवल्यासारखं, कुणाचं पिवळं, कुणाचं लाल. पण हे पाहुणे दरवर्षी येत नाहीत. मनात आलं तर येतात, नाहीतर चार-चार वर्षं फिरकत नाहीत. खोऱ्यात बांडगूळ असलेलं मोठं झाड हे एकच. ते गेलं की त्यांना इथं उतरायचं कारणच उरणार नाही.

सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत दोनशे आले होते. तामोत्सुनं शाळेत फोन केला. त्याला पक्ष्यांशी काही देणंघेणं नव्हतं, कावळा आणि कोंबडी सोडून तिसरा पक्षी ओळखता यायचा नाही. पण फोनवर लहान मुलासारखा ओरडत होता, "अगं बाहेर ये, बाहेर येऊन बघ तरी!" मी म्हटलं, एकशे चाळीस ताटं वाढायची आहेत, उद्या बघेन. दुसऱ्या दिवशी एकही नव्हता. ते परत आलेच नाहीत. पुढच्या पावसाळ्यात तामोत्सु गेला.

म्हणजे मी ते पाहिलेले नाहीत. मला ते पाहायचे आहेत, त्याच झाडावर. कोणाला हा हट्ट वाटला तर वाटू दे.

१९ डिसेंबर

इवाशिताशी भांडायला गेले आणि गप्प बसून परत आले.

त्याचं गॅरेज झाडासमोरच आहे. मला वाटलं होतं, दुरुस्तीला आलेल्या गाड्यांवर पक्षी घाण करतात म्हणून हा झाडाच्या जिवावर उठला असेल. मी तोंड उघडणार तोच त्यानं हात पुसले आणि मला थांब्याच्या पत्र्याच्या शेडपाशी नेलं. ऑक्टोबरच्या वादळात बांडगुळाच्या वजनानं एक फांदी मोडून शेडवर पडली, हे मला माहीत होतं. पत्रा किती आत गेलाय, हे मी कधी जवळून पाहिलं नव्हतं. तो थेट बाकापर्यंत आला होता.

"अर्धा तास आधी युझुहा इथं बसली होती," तो म्हणाला. युझुहा त्याची मुलगी, दुसरीत आहे. "तुम्ही तिला शाळेत जेवायला वाढलं नाहीत, मावशी, तुम्ही त्याआधीच निवृत्त झालात. नाहीतर तुम्हीच आरी घेऊन आला असता."

वाडीतून तीन मुलं त्या बसनं जातात.

पण घरी आल्यावर पुन्हा राग आला. मुलांना धोका आहे हे खरं. म्हणून झाडच कापायचं, हे कोणी ठरवलं? वाडीत काहीही अडलं की यांना कापणंच सुचतं. ओढ्यावरचं चेरीचं कापलं, शाळेमागचा बांबू कापला. शेवटी शाळाही बंद पडली.

२२ डिसेंबर

आज वर्षातला सर्वांत छोटा दिवस. रिवाजाप्रमाणे भोपळा शिजवला, अंघोळीच्या पाण्यात युझूची लिंबासारखी फळं टाकली. दुपारी ओढ्याच्या मोरीपाशी रुरिबिताकी दिसला, नर, पाठ गडद निळी, कुशीला पिवळा पट्टा. असा निळा रंग कपड्यात मिळत नाही, मी शोधला आहे. वीस मिनिटं मी हलले नाही. तळ्यावर ओशिदोरी बदकांच्या तीन जोड्या आल्यात. नर नेहमीप्रमाणे नटूनथटून, बायका साध्याच.

रेन्जाकु नाहीत. अजून खूप लवकर आहे.

५ जानेवारी

नवीन वर्षाची पहिली फाईल आली. या वेळी दारात उभी राहून शब्दन्‌शब्द वाचला. "केयाकी तोडणे, १४ जानेवारी, सकाळी आठ. त्या दिवशी थांब्यापाशी गाड्या लावू नयेत. सर्व घरांनी वाचल्याची खूण म्हणून शिक्का मारावा."

फाईल मी पुढं पाठवणार नाही. माझ्या कपाटात ठेवली आहे, हिवाळी पांघरुणांखाली.

१० जानेवारी

वाडी खोळंबली आहे. मजा येते, लपवत कशाला?

काल नोबुको आली. "मित्सुए, काचेच्या बाटल्या कधी टाकायच्या गं? फाईल आली नाही अजून."

"माझ्याकडे आहे."

"मग दे ना."

"नाही देणार."

एकोणचाळीस वर्षांच्या शेजारात तिनं माझ्याकडून असलं उत्तर ऐकलं नव्हतं. मग खाली बसली, चहा प्यायली आणि जाताना म्हणाली, "तारीख तरी सांग. झाडाचं तुझं तू बघ, पण माझ्या बाटल्यांचं काय?" मी बाटल्यांची तारीख तिला तोंडी सांगितली. एवढी काही मी निर्दय नाही.

आज दुपारी ओगिसो आला. दारातूनच म्हणाला, "वहिनी, फाईल सगळ्या घरांत फिरल्याशिवाय मला काम सुरू करता येणार नाही. तसा नियम आहे."

"मग?"

"मग चौदा तारीख गेली म्हणायची." असं म्हणून त्यानं मला वाळवलेल्या पर्सिमन फळांची माळ दिली आणि निघून गेला. फाईल मागायचंही त्याच्या लक्षात आलं नाही. इतका ढिला माणूस वाडीनं प्रमुख कसा केला, मला कळत नाही. पाळीनं झाला, दुसरं काय.

पहिली लढाई मी जिंकले.

१६ जानेवारी

फाईल पुढं सोडली. चौदा तारीख टळली आणि मला कचऱ्याच्या तक्रारी ऐकायचा कंटाळा आला. नवी तारीख २९.

२४ जानेवारी

मोरीपाशी शहरातला एक माणूस बसला होता, हाताएवढी लेन्स घेऊन. रुरिबिताकीनं बरोबर जागी बसावं म्हणून एक शेवाळलेली फांदी रोवली होती आणि तिच्या खाचेत जिवंत अळ्या ठेवल्या होत्या. निळा नर येऊन अळी खायचा आणि हा खटाखट फोटो काढायचा.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही गेल्यावर त्याला कोण जेवू घालणार?"

"पक्षी आहे, आजी. शोधेल त्याचं तो."

"मग आत्ताही शोधू दे की."

अळ्यांचा डबा उचलून मी झाकण लावलं आणि त्याच्या पिशवीत घातला. फांदी उपटून ओढ्यात टाकली. तो पोलिसांचं नाव काढणार होता, पण तेवढ्यात मागून ओगिसो काठी टेकत आला. नुसता उभा राहिला. बस चालवणाऱ्यांना असं उभं राहणं जमतं. माणूस सामान गोळा करून गेला.

ओगिसो तिथं कशाला आला होता कोण जाणे. हल्ली त्याला काही उद्योग नसावा, मी जाते तिथं कुठून तरी उगवतो.

२९ जानेवारी

सकाळी साडेसहाला घडीचं स्टूल, घोंगडी आणि थर्मास घेऊन झाडाखाली जाऊन बसले. ठरवलं होतं, क्रेन आली तरी उठायचं नाही. पाठीला अंग शेकायच्या चार गरम पुड्या चिकटवल्या होत्या. तरीही गारठा हाडांपर्यंत पोचला.

आठ वाजले, नऊ वाजले, क्रेनचा पत्ता नाही. सव्वानऊला ओगिसो आला, हातात त्याच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर.

"घोटाळा झाला, वहिनी. आज अशुभ दिवस आहे. खाली बारीक अक्षरात छापलंय, मला चष्म्याशिवाय दिसलं नाही. तीनशे वर्षांचं झाड अशुभ दिवशी कसं कापणार? मी क्रेनवाल्यांना कालच नको म्हणून कळवलं."

"कालच कळवलंत? आणि मला सांगायचं सुचलं नाही?"

"तुम्ही बसणार आहात हे मला कुठं माहीत होतं?"

अख्ख्या वाडीला माहीत होतं. इवाशितानं समोर उभं राहून हे सगळं ऐकलं, टोपी जमिनीवर आपटली आणि आत गेला. त्याच्या रागाचं मला नवल वाटलं नाही. या ओगिसोच्या हातून एकही काम धड होत नाही, मग ते माझ्या बाजूचं असो की विरुद्ध.

तरी दुसरी लढाईही माझीच. घरी येऊन दोन वाट्या गरम सूप प्यायले आणि चार वाजेपर्यंत झोपले.

६ फेब्रुवारी

बेनिमाशिको! रिकाम्या भातशेतातल्या वाळक्या गवतात दोन नर, गुलाबी-लाल, गवताच्या बिया खात होते. बर्फावर तो रंग बघून मी मोठ्यानं "अय्या" म्हटलं, आणि ते उडाले. चूक माझीच.

केयाकीवरची फळं अजून शाबूत आहेत. सगळे गोळे पिवळे दिसतात. खाणारे येत नाहीत, एवढंच.

८ फेब्रुवारी

वाडीची बैठक झाली. इवाशितानं बोलावली होती. सभागृहात अकरा घरांची माणसं, दोन रॉकेलचे स्टोव्ह, आणि कोणी माझ्या शेजारी बसायला तयार नाही. शेवटी नोबुको येऊन बसली, तीही एक उशी सोडून.

मी उभी राहिले. "माझा शिक्का मला परत द्या."

कोणीतरी मागून म्हणालं, "परत घ्यायला शिक्का म्हणजे काय छत्री आहे?" सगळे हसले. मीही हसले असते, पण त्या वेळी हसणं परवडणारं नव्हतं.

"हसा," मी म्हटलं. "तिसरं पान वाचून शिक्का कोणी मारला, हात वर करा." एकही हात वर झाला नाही. इवाशिताचासुद्धा नाही. "झाडानं तीनशे वर्षं उभं राहायचं आणि तुम्ही न वाचता त्याला आडवं करायचं?"

इवाशिता उठला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "मावशी, तुमचे पक्षी येतात की नाही, मला ठाऊक नाही. माझी मुलगी रोज येते. रोज सकाळी सात चाळीसला ती त्या फांद्यांखाली उभी असते."

खरं सांगायचं तर तिथंच खाली बसून म्हणावंसं वाटलं, कापा बाबांनो, मी हरले. तामोत्सुनं एकदा फोन केला म्हणून मी दुसऱ्याच्या लेकराला झाडाखाली उभं करू का?

तेवढ्यात ओगिसोनं घसा खाकरला. "चव्वेचाळीस वर्षं मी बस चालवली. झाड कुठं आहे, शेड कुठं आहे, हे ड्रायव्हर बघत नाही. थांब्याचा खांब बघतो. खांब असतो तिथं बस थांबते, बस थांबते तिथं मुलं उभी राहतात. तेव्हा खांब जोवर झाडाखाली आहे, तोवर झाड कापावंच लागेल. सत्तावीस तारीख पक्की. याउपर माझ्याकडे सबब नाही."

सबब म्हणे! शेवटी त्यानं इवाशिताचीच बाजू घेतली. आणि हे सगळं माझ्याकडे बघून बोलला, मुद्दाम. परत येताना मी त्याच्याशी बोलले नाही. रताळी खाऊ दे एकट्यालाच.

९ फेब्रुवारी

रात्रभर डोक्यात त्याचं बोलणं घोळत होतं आणि पहाटे मला एकदम सुचलं. स्वतःहून सुचलं, हे लिहून ठेवते. झाड हलवता येत नाही, खांब हलवता येतो!

थांब्याचा खांब म्हणजे काय, लोखंडी दांडा, वर गोल पाटी, खाली सिमेंटचं जड चाक. पुढं तीस पावलांवर तांदूळ सडायच्या यंत्राची खोपटी आहे. तिला छप्पर आहे, तीन बाजूंनी भिंत आहे, आणि छपरावर एकही फांदी नाही, मोकळं आकाश. मुलांनी तिथं उभं राहावं. इतकी वर्षं हे कोणाला सुचलं नाही, कारण थांबा तिथंच होता म्हणून तिथंच होता.

साडेपाचला कुदळ घेऊन गेले. महिनाभर सिमेंटच्या बुडाला बर्फ घट्ट धरून होता, तो फोडायला तासभर लागेल असं वाटलं होतं. पण बर्फ मोकळाच होता, चारी बाजूंनी मीठ टाकलेलं. रस्त्यासाठी कोणीतरी टाकलं असावं. ओगिसोची बर्फ ओढायची घसरगाडी, दोरीसकट, शेडमध्ये तशीच पडलेली. वस्तू जागेवर ठेवायची त्या माणसाला सवयच नाही. माझं मात्र काम झालं.

एकशे चाळीस मुलांच्या सुपाचं पातेलं मी एकतीस वर्षं तिरकं करून फिरवलं आहे. खांब तिरका केला, चाकावर गरागरा फिरवत गाडीवर चढवला आणि ओढला. बावीस पावलांवर गुडघा म्हणाला, पुरे. मी त्याला म्हटलं, आठ राहिलीत, गप्प बस. सात वाजता खांब खोपटीसमोर उभा होता, पाटी रस्त्याकडे, अगदी सरळ.

मग खोपटीच्या आड लपून बसले. भीती वाटत होती. बसच्या कंपनीचा खांब हलवणं गुन्हा आहे का, मला माहीत नाही. सात पस्तीसला मुलं आली, जुन्या शेडपाशी थबकली, इकडे तिकडे बघितलं आणि खांबाकडे चालत आली. कुणी काही विचारलंसुद्धा नाही. सात चाळीसला बस आली आणि खांबापाशी थांबली. मुलं चढली. युझुहा खिडकीतून झाडाकडे बघत गेली.

मी खोपटीआड बसून रडले. गुडघा फार दुखत होता.

१० फेब्रुवारी

ओगिसो सकाळी खांबाकडे बघत उभा. मी सरळ गेले आणि म्हटलं, "मी हलवला. काय करायचं ते करा."

"एकट्यानं?"

"एकटीनं."

"बापरे," तो म्हणाला. "आता मला प्रमुख म्हणून बसवाल्यांना कळवावं लागणार, की मोडक्या शेडमुळे थांबा हलवलाय. हे घ्या, तुमच्या गुडघ्याला लावायला." औषधाच्या पट्ट्या होत्या. माझा गुडघा दुखतोय हे त्याला कोणी सांगितलं? नोबुको, नक्कीच. तिच्या पोटात काही राहत नाही.

संध्याकाळी इवाशिता मोडक्या शेडमधलं बाक उचलून खोपटीत आणत होता. एक टोक मी धरलं. मग तो म्हणाला, "गाड्यांवर घाण झाली तर धुवायला तुम्हाला बोलावीन."

"बोलाव. बादली तुझी, फडकं माझं."

२७ फेब्रुवारी

आज क्रेन यायची होती. आली नाही. इवाशितानंच वीस तारखेला ओगिसोकडे जाऊन सांगितलं, की आता घाई नाही. चार वाळलेल्या फांद्या तेवढ्या उन्हाळ्यात छाटायच्या, गोळ्यांना हात लावायचा नाही.

झाड वाचलं. रेन्जाकु आले नाहीत.

नोबुको आज म्हणाली, "झाड वाचवलंस खरं, पण पक्षी कुठायत गं?" ती वाईट हेतूनं बोलली नाही, म्हणून जास्त लागलं.

५ मार्च

ओशिदोरी गेले. रुरिबिताकी तीन दिवस दिसला नाही. जोबिताकी आहे अजून, पण त्याचंही लक्ष लागत नाही, आरशाशी भांडायचं सोडलंय. बर्फ ओढ्यात उतरतो आहे. आणखी दोन आठवड्यांत ज्यांना उत्तरेकडे जायचंय ते सगळे गेलेले असतील.

मी रोज स्टूल घेऊन बसते. बसमधले लोक हात हलवतात, मीही हलवते. वेडी म्हातारी म्हणत असतील. म्हणू देत. न येणारे पाहुणे होते, असं मी कोणाच्याही तोंडावर कबूल करणार नाही. पण वहीत लिहिते: कदाचित ते पुन्हा कधीच येणार नाहीत. आणि तरीही मी पुन्हा खांब हलवेन. गरज पडली तर शेडसुद्धा.

१२ मार्च

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

सकाळी आठ पन्नास. बस गेली होती, मी थर्मासचं झाकण उघडत होते, आणि वरून आवाज आला. बारीक, चिरीरीरी, लहान घंटा दूर कुठं तरी हलवल्यासारखा. मान वर केली तर झाडाच्या शेंड्यावर तुरे! मोजले. अकरा. पुन्हा मोजले. अकराच. नऊ पिवळ्या शेपटीचे, दोन लाल. तिसऱ्या गोळ्यावर तुटून पडले, उलटे लटकून खात होते, खाता खाता लगेच मागून चिकट बियांचे लांब दोरे सोडत होते. एक दोरा माझ्या टोपीवर पडला. मी काढला नाही.

दोनशे नव्हते. तामोत्सु म्हणाला होता दोनशे, पण त्याला मोजता कुठं यायचं, बुद्धिबळाच्या सोंगट्याही चुकायचा. तरी आज मला त्याची इतकी आठवण आली, की अकरावर दुर्बीण रोखता रोखता दोनदा काच पुसावी लागली. मी तेव्हा बाहेर यायला हवं होतं. ताटं दहा मिनिटं थांबली असती. हे मी सहा वर्षांत कोणाला सांगितलं नाही.

मग इवाशिता गॅरेजमधून पाना हातात घेऊन आला, वर बघत उभा राहिला आणि "अरे, हे?" एवढंच म्हणाला. नोबुको आली, ओल्या चादरीसकट. आणि ओगिसो आला, धावत. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस काठी न घेता, एका पायात सपात आणि दुसऱ्या पायात बूट घालून धावत आला. त्याला कोणी कळवलं, देव जाणे. त्याच्या घराच्या खिडकीतून झाड दिसतं म्हणा.

मी दुर्बीण त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ बघत होता. गालांवर पाणी ओघळत होतं, वारा बोचरा होताच.

"बघितलंत?" मी म्हटलं. फाईल, अशुभ दिवस, बैठक, सत्तावीस तारीख, सगळं एका दमात त्याच्यापुढं ओतलं. "तीन महिने तुम्ही माझ्याशी लढलात, ओगिसो-सान, आणि तीन महिने मी तुम्हाला हरवलं. शेवटी झाड उभं आहे आणि पाहुणेही आले. आता तरी म्हणा, हरलो."

त्यानं दुर्बीण खाली घेतली. "हरलो, वहिनी," तो म्हणाला. "पुरता हरलो."

आणि हे तो इतक्या आनंदानं म्हणाला, की मला त्याचा रागच आला. हरलेल्या माणसानं एवढं खूश दिसू नये.